जटायूच्या घरट्याची नोंदवही

विमलसूरींच्या ‘पउमचरियं’ या प्राकृत रामायणात जटायूची कथा निराळ्या वळणाने येते. दंडकारण्यात मुनींच्या दर्शनाने एका गिधाडाला पूर्वजन्माचे स्मरण होते, ते मुनींच्या चरणी लीन होते आणि श्रावकाची व्रते स्वीकारते. अशुभ मानल्या गेलेल्या पक्ष्याला आचार्यांनी व्रती श्रावकाचे स्थान दिले. त्या जटायूचे वंशज आज रायगड जिल्ह्यात मोजक्या झाडांवर तग धरून आहेत.

पेणहून रोहा आणि रोह्याहून मुरूडकडे निघाले की फणसाडचे अरण्य लागते. एकेकाळी हे जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते. १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. दक्षिणेकडे म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे महाडचे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांची ‘सिस्केप’ ही संस्था ग्रामस्थांच्या साहाय्याने गिधाडांचे रक्षण करीत आली आहे.

या कामाचा कणा म्हणजे घरट्यांची नोंद. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच, जुन्या वृक्षावर घरटे बांधते. हिवाळ्याच्या आरंभी मादी एकच अंडे घालते. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे ५० ते ५५ दिवस ते उबवतात आणि पिल्लू उडेपर्यंत पुढे तीन महिन्यांहून अधिक काळ त्याला भरवतात. निरीक्षक झाडावर चढत नाही. तो दूर बसून दुर्बिणीतून पाहतो आणि लिहितो: घरट्यात कोण बसले आहे, पाळी बदलली का, पिल्लाची मान दिसली का, ते उडाले का. हंगामाअखेर मांडलेली घरटी आणि उडालेली पिल्ले यांचा ताळा घेतला जातो. घरटे मध्येच ओस पडले, तर कारणाचा शोध सुरू होतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा असंख्य मोठी झाडे कोसळली. ज्याला घरट्यासाठी जुना वृक्षच लागतो, त्या पक्ष्याची ही हानी एका पावसाळ्यात भरून येणारी नव्हे.

वर्षाला एक अंडे आणि वयात येण्यास सुमारे पाच वर्षे! व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर ही अत्यंत मंद वाढीची ठेव आहे. मुद्दलालाच हात लागला, तर व्याजाने ती तूट भरून निघत नाही. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक एवढीच उरली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने कारण उघड केले: जनावरांच्या वेदनाशमनासाठी वापरले जाणारे डायक्लोफिनॅक. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेले जनावर खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. शंभरात एकाहूनही कमी मृत जनावरांत हे विष असले, तरी एवढा विनाश घडू शकतो, असे गणित शास्त्रज्ञांनी मांडले.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया कॉन्डोर या महाकाय गिधाडाचीही अशीच कथा. १९८२ मध्ये ते जेमतेम २२ उरले होते. शिकारीतील शिशाच्या गोळ्यांचे कण मृत प्राण्यांतून त्यांच्या पोटात जात. उरलेले पक्षी पकडून त्यांची बंदिस्त पैदास झाली आणि १९९२ पासून ते पुन्हा रानात सोडले गेले. तेथेही घरट्यांवर पाळत असते. आईबाप काचेचे व प्लास्टिकचे तुकडे पिल्लांना भरवतात, हे त्या पाळतीतूनच ध्यानी आले.

आपल्याकडे जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये हे इंजेक्शन एका मात्रेच्या कुपीतच विकण्याचे बंधन आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरासही मनाई झाली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना निर्धोक ठरलेला पर्याय उपलब्ध आहे.

येथे हा प्रश्न जैन समाजाच्या दाराशी येतो. पांजरपोळ ही समाजाची पुरातन जीवदया. वृद्ध, आजारी गायीची वेदना शमवावी, हा भाव निर्मळच आहे. परंतु त्याच सुईतून दुसऱ्या जीवाचा अंत होत असेल, तर अहिंसेचा हिशेब अपुरा राहतो. पांजरपोळांच्या विश्वस्तांनी औषधाच्या खरेदीची पावती डोळ्यांखालून घालावी, पशुवैद्याला औषधाचे नाव विचारावे. औषधाचे दुकान चालविणाऱ्याने गोठ्यासाठी मागितलेली निषिद्ध कुपी नम्रपणे नाकारावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही, जागरूकता लागते. अहिंसेच्या साधनेत यालाच यतना म्हणतात.

फणसाडच्या एखाद्या झाडावरून यंदा एक पिल्लू उडाले, तर नोंदवहीत एकाच अंकाची भर पडेल. त्या एका अंकाच्या मागे अनेक गोठ्यांतील सावधपणा उभा असेल.