कानस, एम-सील आणि पाचशे ग्रॅम

पिस्तूल घरी आलं त्याच रविवारी मी ॲलन कीचा सेट काढून बसलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये सव्वीस वर्षं गेली आहेत. समोर स्क्रू दिसला की हात थांबत नाही. पिस्तूल होतं दहा मीटरचं एअर पिस्तूल, जर्मन बनावटीचं, सेकंडहँड. लेक पंधरा वर्षांची. आठ महिने क्लबच्या पिस्तुलावर सराव झाला होता आणि दोन महिन्यांवर तिची पहिली जिल्हा स्पर्धा होती. रेंजवर पहिल्या दहा गोळ्या डावीकडे गेल्या, म्हणून मी मागच्या साईटचा स्क्रू फिरवून त्या मध्यावर आणल्या होत्या. एवढं काम झालं आणि मी खूश.

सोमवारी क्लबमध्ये लेकीच्या सरांनी ते हातात घेतलं. सर फौजेतून निवृत्त झालेले. बोलणं कमी, आणि जे बोलतील ते अस्सल कोल्हापुरी.

"स्क्रू कुणी फिरवला?"

"मी. डावीकडं लागत होत्या."

"का लागत होत्या?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. कारखान्यात मी रोज पोरांना हेच विचारतो, की जॉब रिजेक्ट का झाला ते सांग, मग सेटिंग बदल. इथे मात्र मी रोगाचं नाव न विचारता गोळी देऊन मोकळा झालो होतो.

सरांनी लेकीला उभं केलं. "डोळं मीट. पिस्तूल घट्ट न्हाई, पण पक्कं धर. हात वर घे. आता उघड. माशी कुठं दिसती?" माशी म्हणजे पुढची साईट. लेक म्हणाली, मागच्या खाचेत डावीकडे चिकटलीये. पाच वेळा तेच केलं, पाचही वेळा डावीकडेच. "बघितलंसा? पिस्तूल डावीकडं बघतंय, पोरगी न्हाई. मूठ हाताची न्हाई अजून."

घरी येऊन मी हिशेब मांडला. दोन साईटमधलं अंतर साधारण ३३० मिलिमीटर, टार्गेट १० मीटरवर. म्हणजे माशी खाचेत १ मिलिमीटर सरकली तर तिकडे फरक पडतो ३० मिलिमीटरचा. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ असतं ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं, आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. तीस मिलिमीटर चुकलं की गोळी सातात. उलट, दोन्ही साईट एकमेकींशी नीट जुळलेल्या असतील आणि सबंध हातच ५ मिलिमीटर इकडेतिकडे तरंगत असेल, तर फरकही फक्त ५ मिलिमीटरचा. तरीही दहाच. नवखी पोरं हात हलतो म्हणून रडकुंडीला येतात. हात सगळ्यांचाच हलतो. मारतो तो मनगटातला कोन, आणि तो कोन ठरवते मूठ.

त्यानंतरचे तीन आठवडे मुठीवर गेले.

या पिस्तुलांची मूठ अक्रोडाच्या लाकडाची असते, बोटांसाठी खाचा कोरलेली, तळव्याखाली वरखाली सरकणारी फळी असलेली. लहान, मध्यम, मोठी अशा मापांत ती मिळते, पण तयार कपड्यासारखी ती कुणालाच पुरती बसत नाही. आधीच्या मालकाचा हात मोठा असावा. लेकीच्या तळव्याच्या खळग्यात चक्क पोकळी राहत होती आणि अंगठ्याच्या बुडाशी लाकूड रुतत होतं. नेमकं कुठे टेकतं, कुठे नाही, हे बघायला टूलरूममध्ये आम्ही निळा रंग लावतो. एका भागाला रंग, त्यावर दुसरा भाग दाबायचा, जिथे डाग तिथे स्पर्श. मी निळ्याची ट्यूब घरी आणली. बायकोने ती बघितली आणि "शाळेत पोरगी निळा हात घेऊन जाणार का?" म्हणून काजळाची डबी पुढे केली. काजळ जास्त चांगलं निघालं. पातळ बसतं, डाग स्वच्छ उमटतो आणि खोबरेल तेलाने निघून जातं. (ही युक्ती आता रेंजवरच्या तीन घरांत गेली आहे.)

जिथे काळा ठिपका गडद उमटला, तिथे कानस. अर्धगोल कानशीने दोन ओढ, वर पॉलिश पेपर, मग पुन्हा काजळ. जिथे डागच नाही तिथे एम-सील. नळाची गळती बंद करायची तीच. दोन रंगांच्या वड्या एकत्र मळायच्या, पोकळीत थापायच्या, वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून लेकीला मूठ धरायला सांगायची आणि तिचा हात ज्या आकारात दाबेल तो आकार तसाच सुकू द्यायचा. पहिल्यांदा मी एम-सील जास्त भरली. हात इतका भरून आला की बोटं हलेनात. सरांनी एका बोटाने मूठ दाबून बघितली. "ही मूठ हाय का बेडी?" ती खरवडून पुन्हा केली. ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही लागता कामा नये, हेही तेव्हाच कळलं. बोटाच्या बाजूला लाकूड घासत असेल तर चाप मागे ओढताना पिस्तूलही बाजूला ओढलं जातं. तिथे एक कागद जाईल एवढी फट हवी. मी जरा जास्तच ठेवली.

या सगळ्याला नियमांचं कुंपण आहे. मूठ हाताभोवती कडं करून येता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. सबंध पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे आणि वजन दीड किलोच्या आत. मी प्लायवूडची तशी पेटी घरीच केली. पिस्तूल आत जाईना. माझ्याच एम-सीलचा फुगवटा दीड मिलिमीटर बाहेर. स्पर्धेच्या टेबलावर हे निघालं असतं तर काय, या विचाराने त्या रात्री मी अकरा वाजेपर्यंत कानस चालवली.

तीन आठवडे संपता संपता लेकीने डोळे मिटून हात उचलला, डोळे उघडले. माशी मध्यावर, दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी पट्टी. सरांनी मागच्या साईटचा स्क्रू मी फिरवण्याआधी होता तिथे परत नेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

साईटचं काम त्यामानाने लवकर आटपलं. मागची खाच थोडी रुंद केली, कारण नवख्या डोळ्याला माशीच्या दोन्ही बाजूंना भरपूर पांढरं दिसलेलं बरं. डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट पाहतो. माशी धारदार दिसायला हवी, काळं वर्तुळ धूसर. नेम काळ्यावर धरायचाच नाही, त्याच्या खालच्या पांढऱ्यात धरायचा आणि साईट अशी लावायची की गोळी वर मध्यात जाईल. काळ्यावर काळी माशी ठेवली तर कुणाला दिसणार? स्क्रूवरच्या अक्षरांनी मात्र मला दोन दिवस नाचवलं. जर्मन साईटवर एच असतं ते होख, म्हणजे वर. मी समजलो, गोळी वर न्यायची तर इकडे फिरवा. तसं नाही. गोळी वर लागत असेल तर इकडे फिरवा.

ट्रिगर हा टूलरूमवाल्याचा खरा मोह. नियम एवढाच की ट्रिगर निदान ५०० ग्रॅमचा हवा. मी लेथवर पितळेचं ५०० ग्रॅमचं वजन काढलं, वर हूक. बॅरल उभी धरायची, वजन सपाट जागेवर ठेवून ट्रिगरला अडकवायचं आणि हळू वर उचलायचं. घोडा पडला नाही तर पास. स्पर्धेत तीनच संधी मिळतात आणि चाचणी हवेचा दाब चालू ठेवून, म्हणजे खरोखरच्या फायरच्या स्थितीत होते. दोन टप्प्यांचा ट्रिगर असतो. पहिला टप्पा बोटाखाली सरकतो, मग एक भिंत लागते, भिंतीपलीकडे गोळी. मी दुसरा टप्पा काचेसारखा केला, हात लावला की सुटेल असा. मला त्याचा अभिमान होता. लेकीने तीन गोळ्या हात वर जायच्या आधीच सोडल्या, आणि एक तर टार्गेटच्या कागदालाही लागली नाही. सरांनी भार पुन्हा वाटून दिला, बराचसा पहिल्या टप्प्यात, दुसऱ्यात बोटाला कळेल एवढा. एकूण ५००च्या जरा वर ठेवला, कारण रात्रीत थंडी पडली, तेल घट्ट-पातळ झालं की काटा चार ग्रॅम इकडेतिकडे होतो आणि ४९८ ग्रॅमला टेबलावर कुणी दया दाखवत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, नाचता येईना अंगण वाकडं. रेंजवर ती दिवसातून दहा वेळा ऐकू येते. पण मला त्या तीन आठवड्यांत वाटायला लागलं की अंगण आधी सरळ करून द्यावं. मग वाकडं काय आहे ते नाचणाऱ्याला कळतं तरी.

सेकंडहँड घेताना मी एक गोष्ट बघितलीच नव्हती. या पिस्तुलाखाली हवेचा सिलिंडर असतो, २०० बारपर्यंत भरायचा. त्यावर तारीख कोरलेली असते आणि उत्पादक साधारण दहा वर्षांची मुदत देतात. स्पर्धेत ती तारीख तपासली जाते. आमच्या सिलिंडरची मुदत संपायला चार महिने राहिले होते. विकणाऱ्याने मूठ, साईट, केस, सगळं कौतुकाने दाखवलं होतं, तारखेवर मात्र त्याचा अंगठा होता. चूक माझीच. व्हर्निअर घेऊन फिरणाऱ्या माणसाला चार आकडे वाचता आले नाहीत.

गोळ्यांची निवड कंटाळवाणी पण गरजेची. पेलेट ४.५ मिलिमीटरचे, शिशाचे, सपाट डोक्याचे. सपाट यासाठी की कागदात गोल, स्वच्छ भोक पडावं. डब्यावर ४.४९, ४.५० असं डोक्याचं माप असतं. क्लबमध्ये पिस्तूल रबर लावून व्हाइसमध्ये धरलं आणि चार डब्यांतले दहा-दहा मारले. एका डब्यातले दहाही एकाच फाटक्या भोकात गेले. तोच घेतला. सगळ्यात महागडा नव्हता, याचा आनंद वेगळा.

२५ जुलै २०२१ हा दिवस रेंजवर सगळ्यांना पाठ आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये दहा मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धेत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पॅरिसला २०२४ मध्ये तिने याच प्रकारात कांस्य घेतलं, पण आईबापांच्या डोक्यात राहिलं ते टोकियो. म्हणून आमच्या केसमध्ये आता ॲलन की, दोन जादा ओ-रिंग, एक जादा स्क्रू आणि बॅरलमधून आरपार जाणारी नारिंगी दोरी. ही दोरी सुरक्षेसाठी सक्तीची. फायरिंग नसेल तेव्हा ती बॅरलमध्येच असते, म्हणजे लांबूनही कळावं की आत गोळी नाही. विकत मिळते, पण गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी अगदी तीच.

परवान्याचं सगळे विचारतात. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही आणि हे पिस्तूल पाच-सहा ज्यूलचं. तरी बिल आणि ओळखपत्र केसमध्येच ठेवतो. एसटीत शेजारच्या आजींनी विचारलं, "व्हायोलिन हाय का?" लेक हो म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी टेबलावर पेटीत पिस्तूल सरकन गेलं. वजन पहिल्याच उचलीत टिकलं. मी रेषेमागे जाऊन उभा राहिलो, तिथून पुढे बापाला तोंड नसतं. सरावाच्या गोळ्यांत तिचा गट डावीकडे, आठात. तिने मागे वळून बघितलं नाही. स्क्रू ड्रायव्हर टेबलावर होता. तिने डोळे मिटले, हात उचलला, उघडले, मग मागचा पाय दोन बोटं सरकवला. पुन्हा डोळे मिटले. मग पेलेट घातला.

साठ गोळ्यांत ५२१. सरांनी कागद बघितले, "असू दे," म्हणाले, आणि हे त्यांच्याकडून बरंच आहे.

घरी येताना ती म्हणाली, "बाबा, शेवटच्या वीसात अंगठ्याखाली दुखायला लागलं. मूठ लहान झालीये." मी म्हटलं, लाकूड लहान होत नसतं. रात्री तिचा हात टेबलावर ठेवून व्हर्निअर लावला. भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलेल्या जूनच्या मापापेक्षा तळवा तीन मिलिमीटर रुंद.

बायको काजळाची डबी शोधायला उठली.