कोरियन हिंदीच्या दुप्पट कठीण? एका तक्त्याचा गैरवापर

कोरियन भाषा हिंदीच्या दुप्पट कठीण आहे, हे विधान कोरियन मालिकांच्या वाढत्या प्रेक्षकवर्गाबरोबर मराठी विद्यार्थ्यांतही इतके रूढ झाले आहे की त्याला आधार काय, असे विचारण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. आधार आहे, पण तो भलत्याच ठिकाणचा आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची ‘फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट’ ही संस्था तेथील मुत्सद्द्यांना परकीय भाषा शिकवते आणि व्यावसायिक कामकाजाला पुरेल इतके प्रावीण्य मिळण्यास किती काळ लागतो, याचा तिने आपल्या अनुभवावरून एक तक्ता केला आहे. त्यात हिंदीपुढे सुमारे ४४ आठवडे (११०० वर्गतास) आणि कोरियनपुढे ८८ आठवडे (२२०० तास) असे आकडे आहेत. आकडे खोटे नाहीत. मात्र ते इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांचे आहेत, आणि तक्ता इकडून तिकडे फिरत असताना नेमकी हीच अट गळून पडते.

त्याच तक्त्यात फ्रेंच सर्वांत सोप्या गटात, सुमारे ३० आठवड्यांची, म्हणून नोंदलेली आहे. तक्ता जगातील सर्वांना सारखाच लागू असता, तर सोलापूरच्या दुकानदाराला हिंदीपेक्षा फ्रेंच लवकर बोलता यायला हवी होती. हा निष्कर्ष कोणी स्वीकारत नाही, पण त्याच तक्त्यातील कोरियनचा आकडा मात्र निमूटपणे स्वीकारला जातो, हे आश्चर्य आहे. शिकणाऱ्याची भाषा आणि शिकायची भाषा यांच्यातील अंतर जसे असेल तशी कठीणता ठरते, आणि मराठी भाषकाच्या बाबतीत हे अंतर अमेरिकी मुत्सद्द्याच्या अंतरापेक्षा पुष्कळच वेगळे आहे.

कोरियन वाक्यात कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम मराठी-हिंदीसारखाच असतो, आणि इंग्रजीत नामाआधी येणारी संबंधदर्शक अव्यये कोरियनमध्ये मराठीप्रमाणे नामानंतर जोडली जातात. साम्य येथेच थांबत नाही. ‘मोगो बोदा’ या कोरियन रचनेत ‘खाणे’ या क्रियापदाला ‘पाहणे’ हे क्रियापद जोडलेले असते आणि अर्थ होतो ‘खाऊन पाहणे’. ‘मोगो बोरिदा’ म्हणजे ‘खाऊन टाकणे’, आणि त्यातील ‘बोरिदा’ स्वतंत्रपणे वापरले की त्याचा अर्थ खरोखरच ‘टाकून देणे’ असा होतो. ‘सा जुदा’ म्हणजे ‘विकत घेऊन देणे’. ज्यांना व्याकरणात संयुक्त क्रियापदे म्हणतात, अशा या जोड्या इंग्रजी भाषकाला एकेक करून समजावून घ्याव्या लागतात, तर मराठी विद्यार्थ्याच्या बोलण्यात त्या लहानपणापासून असतात. शिवाय कोरियन नामांना लिंग नाही आणि क्रियापद कर्त्याच्या लिंग-वचनानुसार बदलत नाही, त्यामुळे हिंदी शिकणाऱ्याला छळणारा एक मोठा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

याचा अर्थ कोरियन सोपी आहे असा लावणे हा उलट्या दिशेचा गैरसमज ठरेल. हिंदीतील संस्कृत आणि फारसी शब्दसंपत्तीचा मोठा भाग मराठी भाषकाच्या ओळखीचा असतो. कोरियन शब्दांचा निम्म्याहून अधिक साठा चिनी मुळाचा आहे आणि तो शून्यापासून पाठ करावा लागतो. अंकांच्या दोन मालिका आहेत, एक देशी आणि एक चिनी, आणि घड्याळ सांगताना तास पहिल्या मालिकेत तर मिनिटे दुसऱ्या मालिकेत मोजतात. उच्चारांतही मराठी कानाची फसगत होते. ‘बुल’ (आग), ‘फुल’ (गवत) आणि ‘प्पुल’ (शिंग) या शब्दांचे आरंभीचे वर्ण कोरियन भाषक स्वच्छ वेगळे ऐकतो; पण मराठीत ब आणि प यांना वेगळे करणारा घोष, म्हणजे स्वरतंतूंचा कंप, कोरियन शब्दाच्या आरंभी निर्णायक नसतो, आणि सोलच्या तरुण पिढीत तर पहिल्या दोन वर्णांतील भेद मुख्यतः पुढील स्वराच्या उंच-नीच पट्टीवरून ओळखला जातो. आदरार्थाचीही दोन परिमाणे आहेत: ज्याच्याविषयी बोलायचे त्याचा आदर क्रियापदाच्या मध्यभागी आणि ज्याच्याशी बोलायचे त्याचा आदर शेवटच्या प्रत्ययात दाखवला जातो. ‘बाबा आले’ म्हणणाऱ्याला यातील पहिले परिमाण परके वाटत नाही. दुसऱ्यात मात्र हिंदीच्या तू-तुम-आपपेक्षा अधिक पायऱ्या आहेत.

लिपी एका सकाळीत येते म्हणून भाषाही तशीच येईल, हा युक्तिवादही वारंवार ऐकू येतो. राजा सेजोंगने १४४३ मध्ये सिद्ध केलेली आणि १४४६ मध्ये जाहीर केलेली हांगुल लिपी खरोखर सुबोध आहे. आज तिची मूळ अक्षरे २४ मानतात. परंतु लिहिलेले जसेच्या तसे वाचता येते, असे नाही: ‘हाप-नि-दा’ असे लिहिलेले रूप ‘हाम्निदा’ असे उच्चारले जाते, कारण पुढील अनुनासिकामुळे आधीचा प हा म होतो, आणि असे नियम डझनाच्या घरात आहेत.

‘अम्मा’ आणि ‘अप्पा’ यांच्या साम्यावरून कोरियन व तमिळ या बहिणी ठरवणे ही कल्पना होमर हल्बर्ट यांनी १९०५ च्या पुस्तकात मांडली असली, तरी भाषाशास्त्राने ती स्वीकारलेली नाही. तान्ह्या मुलांच्या ओठांना सहज येणारे असे शब्द एकमेकांशी संबंध नसलेल्या भाषांतही सापडतात. कोरियन चिनी चित्राक्षरांत लिहितात, हेही आजच्या व्यवहारापुरते चूक आहे. हिंदीविषयीही असाच एक गैरसमज आहे: ती भारताची राष्ट्रभाषा असल्याचे परदेशी विद्यार्थ्याला सांगण्यात येते. संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदात तिला संघराज्याची राजभाषा म्हटले आहे, राष्ट्रभाषा नव्हे.

उरतो तो मराठी घरातला समज, की हिंदी शिकायची कशाला, ती येतेच. ‘आवाज’ मराठीत पुल्लिंगी तर हिंदीत स्त्रीलिंगी आहे. ‘मी पुस्तक आणले’ या मराठी वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, पण हिंदीतील ‘लाना’ हे क्रियापद सकर्मक असूनही ‘ने’ घेत नाही, म्हणून ‘मैं किताब लाया’ हेच शुद्ध आणि मुंबईत सर्रास ऐकू येणारे ‘मैंने लाया’ अशुद्ध. सोलमध्ये हिंदी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा अपवाद नियम म्हणून शिकवला जातो. मराठी विद्यार्थ्याला तो शिकवण्याची गरज आहे, असेच मुळात कोणाला वाटत नाही.