रूपांतराचा न्याय कसा करावा?
(‘ड्रॅक्युला’ कादंबरी आणि तिची दूरचित्रवाणीवरील रूपे यांच्या निमित्ताने)

एखादी नामांकित कादंबरी रंगभूमीवर, चित्रपटात अथवा दूरचित्रवाणीवर आली, की तिच्या चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मूळ ग्रंथाचा घात झाला. दुसरा म्हणतो, काळ बदलला तशी कथेनेही वस्त्रे बदलली तर बिघडले कोठे? हा वाद जुनाच आहे आणि तो निष्फळ आहे असेही नाही. मात्र तो फलदायी व्हावयाचा असेल, तर वाद करणाऱ्यास दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. मूळ ग्रंथात खरोखर काय आहे, ही पहिली. आणि आपण ज्याला ‘मूळ’ म्हणून उराशी धरून बसलो आहोत ते कोठून आले, ही दुसरी. या दोन्ही गोष्टींचा विचार करावयास ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ या इंग्रजी कादंबरीइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. म्हणून तिच्या एका मालिकेवरून झालेल्या वादाचा परामर्श घेण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम कादंबरीविषयी. स्टोकर यांचा जन्म आयर्लंडमधील डब्लिन येथे १८४७ साली झाला. लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले. ‘ड्रॅक्युला’ १८९७ साली प्रसिद्ध झाली. कथेचा सांगाडा थोडक्यात असा : जोनाथन हार्कर नावाचा तरुण इंग्रज कायदेपंडित ट्रान्सिल्व्हेनियातील एका सरदाराच्या गढीवर जातो. हा प्रांत आज रुमानिया देशात मोडतो. काउंट ड्रॅक्युला या सरदारास इंग्लंडमध्ये घर विकत घ्यावयाचे आहे. हा यजमान माणूस नसून माणसांच्या रक्तावर जगणारे पिशाच आहे, हे हार्करला हळूहळू उमगते. पुढे काउंट ‘डिमीटर’ नावाच्या जहाजातून इंग्लंडच्या व्हिटबी बंदरास लागतो. लूसी नावाची तरुणी त्याला बळी पडते. मग व्हॅन हेलसिंग हे डच प्राध्यापक, डॉक्टर सेवर्ड, लूसीचा वाग्दत्त वर आर्थर, अमेरिकन क्विन्सी मॉरिस, हार्कर आणि त्याची पत्नी मिना अशी सहा माणसे एकत्र येऊन काउंटचा पाठलाग करतात व शेवटी त्याचा नाश करतात.

ही सगळी कथा कोणी एक निवेदक सांगत नाही. रोजनिशा, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतील कात्रणे, जहाजाची नोंदवही अशा कागदांतून ती आपल्यापुढे येते. हे वैशिष्ट्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता ज्या मालिकेवरून वाद झाला तिच्याकडे वळू. मार्क गेटिस आणि स्टीव्हन मॉफट या जोडीने लिहिलेली तीन भागांची ‘ड्रॅक्युला’ ही मालिका बीबीसीने १, २ व ३ जानेवारी २०२० या तीन रात्री दाखविली; पाठोपाठ ती नेटफ्लिक्सवरही आली. डॅनिश नट क्लेस बँग यांनी काउंटची भूमिका केली. (मालिकेत रक्तपात पुष्कळ आहे, ती लहान मुलांनी पाहावी असे आम्ही मुळीच सुचवीत नाही.) पहिल्या भागात गढी आणि हंगेरीतील एक मठ आहे. कादंबरीत जहाजाचा प्रवास एका प्रकरणाच्या काही पानांत आटोपतो. मालिकेने त्याचा संपूर्ण दुसरा भाग केला. तिसऱ्या भागात मात्र काउंट वावरतो तो १२३ वर्षांनंतरच्या, म्हणजे आजच्या इंग्लंडमध्ये. व्हॅन हेलसिंग प्राध्यापक तर राहिलेच नाहीत. त्यांच्या जागी अगाथा व्हॅन हेलसिंग नावाची तल्लख बुद्धीची जोगीण आली.

झाले! चाहत्यांत तट पडले. पहिले दोन भाग आवडलेले कित्येक प्रेक्षक तिसऱ्या भागावर रुष्ट झाले. ‘हा आमचा ड्रॅक्युला नव्हे’ ही त्यांची मुख्य तक्रार. उलट दुसऱ्या बाजूने म्हटले गेले, की शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितली गेलेली गोष्ट पुन्हा तशीच सांगण्यात स्वारस्य ते काय?

या वादात शिरण्यापूर्वी ‘आमचा ड्रॅक्युला’ म्हणजे कोणता, हे तपासून पाहू. उंच कॉलरचा काळा झगा, मेजवानीचा पोशाख, तुळतुळीत हनुवटी आणि सूर्याच्या किरणाने जळून भस्म होणारे शरीर, असे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असते. परंतु कादंबरीतला काउंट प्रथम भेटतो तो लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे. रक्त प्राशन करून तो पुढे तरुण होतो. झग्याचा तो प्रसिद्ध थाट रंगभूमीकडून आला. हॅमिल्टन डीन यांनी १९२४ साली इंग्लंडमधील डर्बी येथे या कथेचे नाटक सादर केले. पुढे अमेरिकेतील नाट्यप्रयोगातून आणि १९३१ च्या चित्रपटातून बेला लुगोसी या नटाने तो थाट जगभर पोहोचविला.

उन्हाचे तर याहून नवल आहे. कादंबरीतील काउंट भर दिवसा लंडनच्या पिकॅडिली भागात हिंडताना हार्करच्या दृष्टीस पडतो. दिवसा त्याच्या शक्तीला मर्यादा येतात, इतकेच. ऊन त्याला मारीत नाही. त्याचा अंत होतो तो हार्करची कुकरी आणि मॉरिसचा सुरा या दोन शस्त्रांनी. सूर्यप्रकाशाने पिशाच नष्ट होते ही कल्पना रूढ केली ती ‘नोस्फेरातू’ या १९२२ च्या जर्मन मूकपटाने. या चित्रपटाने स्टोकर यांच्या कथेवर परवानगीवाचून हात मारला होता आणि काउंटचे नाव बदलून ‘ऑर्लोक’ ठेवले होते. स्टोकर यांच्या विधवा पत्नी फ्लॉरेन्स यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९२५ साली चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला. तरी काही प्रती वाचल्या. म्हणजे चोरीच्या चित्रपटातील एक कल्पना आज लोक मूळ ग्रंथाचा नियम समजून चालतात!

गंमत अशी, की २०२० च्या मालिकेच्या तिसऱ्या भागात, ज्याला अनेकांनी ग्रंथद्रोही ठरविले त्याच भागात, शेवटी असे उघड होते की ऊन काउंटला जाळीत नाही. ती त्याच्या मनातील भीती होती. या एका मुद्द्यावर ती मालिका, वेगळ्या वाटेने का होईना, स्टोकर यांच्याजवळ येऊन पोहोचते. अगाथेचेही तसेच. हे नाव हवेतून आलेले नाही. गढीतून निसटलेला हार्कर बुडापेस्टच्या रुग्णालयात पडलेला असताना त्याची हकीकत मिनाला पत्राने कळविणारी जोगीण कादंबरीत आहे आणि तिचे नाव अगाथाच आहे. याउलट १९९२ साली फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी काढलेल्या चित्रपटाच्या नावातच ‘ब्रॅम स्टोकर’ हे शब्द होते. पण काउंट आणि मिना यांच्या पूर्वजन्मीच्या प्रीतीची जी कथा त्यात मध्यवर्ती आहे, तिचा कादंबरीत मागमूसही नाही. तात्पर्य, पाटीवर काय लिहिले आहे यावरून दुकानातील मालाची परीक्षा होत नाही.

मग कथा आजच्या काळात आणणे हा अपराध म्हणावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. आपल्याला स्टोकर यांचे लंडन घोड्यांच्या गाड्यांचे व धूसर दिव्यांचे, म्हणून जुनेपुराणे वाटते. त्यांच्या पहिल्या वाचकांना मात्र ते स्वतःचेच नवे कोरे लंडन होते. त्या कादंबरीत टाइपरायटर आहे, आवाज मुद्रित करणारा फोनोग्राफ आहे, तारायंत्र आहे, एकाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात घालण्याचे वैद्यकीय प्रयोग आहेत. मध्ययुगातील पिशाच अत्यंत आधुनिक शहरात येऊन उभे राहते, यातच तिची भीती साठविलेली आहे. तेव्हा काउंटला आजच्या शहरात आणणारा लेखक स्टोकर यांच्याच वाटेने चालला आहे, असेही म्हणता येईल.

उलट, अत्यंत निष्ठावान म्हणून ज्याची वाखाणणी होते, ते बीबीसीचे डिसेंबर १९७७ मधील ‘काउंट ड्रॅक्युला’ घ्या. लुई जूर्दां यांनी त्यात काउंटचे काम केले. कथेचा क्रम, गढी, व्हिटबी हे सारे त्यात पुष्कळ अंशी ग्रंथाप्रमाणे आहे. तरीही त्यात मिना आणि लूसी या मैत्रिणींच्या बहिणी झाल्या आणि आर्थर व क्विन्सी या दोघांचे मिळून एकच पात्र झाले. जेथे पाने कमी करून दृश्ये करावयाची, तेथे काटछाट अटळ असते. म्हणून ‘बदल केला काय?’ हा प्रश्नच निरुपयोगी आहे. बदल झालेलाच असतो. ‘बदल करताना कथेचा प्राण राखला काय?’ असे विचारले पाहिजे.

आणि येथे मात्र तक्रार करणाऱ्या चाहत्यांच्या बाजूने आम्हांस काही बोलावयाचे आहे. या कथेचा प्राण कशात आहे? आमच्या मते तो त्या कागदांत आहे. प्रत्येक पात्राला सत्याचा एकेक तुकडा दिसलेला असतो. हार्करला गढी ठाऊक, डॉक्टर सेवर्डला लूसीचा आजार ठाऊक, जहाजाच्या कप्तानाला खलाशी नाहीसे झाल्याचे ठाऊक. पण एकट्याच्या तुकड्यावरून काहीच उलगडत नाही. हे तुकडे जुळविते ती मिना. ती पेशाने शिक्षिका; लघुलेखन आणि टंकलेखन शिकलेली. पतीची रोजनिशी, डॉक्टरांच्या फोनोग्राफवरील बोल, कात्रणे हे सर्व ती टंकलिखित करून तारखांच्या क्रमाने लाविते आणि तेव्हा कोठे शत्रूचे संपूर्ण रूप सर्वांना दिसते. पुढे काउंट कोणत्या नदीने पळत असेल, याचा तर्कही तीच बसविते. एवढेच नव्हे, तर मधल्या काळात पुरुषमंडळी तिला जपण्याच्या हेतूने मसलतीतून वगळतात आणि नेमक्या त्याच दिवसांत काउंट तिच्यावर झडप घालतो. मिनाला बाजूस सारण्याचे फळ काय, हे ग्रंथच असे दाखवून देतो.

२०२० च्या मालिकेने नेमके हेच केले. पहिल्या भागानंतर मिनाला तीत जवळजवळ स्थानच नाही. मालिकेचे समर्थक यावर म्हणतील, की बुद्धिमान स्त्री तर मालिकेतही आहे, ती अगाथा. आणि डॉली वेल्स यांनी ती भूमिका उत्तम वठविली आहे. हे खरे आहे. पण अगाथा एकटीच्या बुद्धीच्या बळावर काउंटशी झुंजते. अनेक साधी माणसे आपापले अनुभव न लपविता एकमेकांपुढे मांडतात आणि त्यातून सामर्थ्य मिळवितात, ही कादंबरीची शिकवण तीत उरत नाही. शतक बदलले म्हणून नव्हे, तर हा धागा सुटला म्हणून मालिका उणी पडली, असे आमचे मत आहे. वाचकांनी ते पारखूनच घ्यावे.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ केले, तेव्हा पात्रांची नावे बदलली. पण संशयाने पोखरलेल्या पतीची शोकांतिका कायम राहिली. याच्या उलट उदाहरण वेताळाचे. रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली आपल्या विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेल्या आणि वेताळाला रक्तपिपासू पिशाचाचे, म्हणजे ‘व्हँपायर’चे नाव दिले. आमच्या गोव्यात लोलये, आमोणे यांसारख्या गावी वेताळ हे पूजेचे दैवत आहे, गावाचा राखणदार आहे. आणि कथांतील वेताळ राजाचे रक्त पीत नाही, त्याला न्यायनिवाड्याचे कोडे घालतो. काळ नाही, वेष नाही, केवळ एक शब्द बदलला आणि आतला जीव बदलला!

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, एखाद्या आवडत्या पुस्तकाची मालिका पाहून चर्चा करावयास बसाल, तेव्हा तीन प्रश्न स्वतःस विचारा. मी ज्याचा कैवार घेत आहे ते खरोखर पुस्तकात आहे काय? हे पुस्तक ज्यावाचून उभेच राहणार नाही अशी गोष्ट कोणती? ती या रूपांतरात राहिली काय? या तिन्हींची उत्तरे पुस्तक उघडल्यावाचून मिळत नाहीत, हाच त्यांचा मोठा गुण आहे. उत्तरे भिन्न आली तरी हरकत नाही; ज्याने पान उघडून दाखविले त्याच्याशी मतभेद होऊनही मैत्री टिकते.

जाता जाता एक गोष्ट. कादंबरीत काउंट मूळ हस्तलिखिते जाळून टाकतो. तिजोरीत दुसरी प्रत असते म्हणून सारे वाचते. अखेरच्या टिपणात हार्कर नमूद करतो, की आमच्याजवळ अस्सल म्हणावा असा कागद जवळजवळ नाहीच, आहेत त्या टंकलिखित प्रती. मूळ जळाले तरी प्रतीने सत्य तगविले, कारण ती प्रत मिनाने प्रामाणिकपणे तयार केली होती. रूपांतरकाराकडून आपण मागावयाचे ते इतकेच.