पितळ उघडं पडण्याची भीती

1938 साली कॅलिफोर्नियात जॉन स्टाइनबेक एकाच वेळी दोन गोष्टी लिहीत होता: एक कादंबरी आणि त्या कादंबरीच्या लेखनाची रोजनिशी. कादंबरी दिवसाला सुमारे 2,000 शब्दांनी पुढे सरकत होती. रोजनिशीत मात्र तो स्वतःलाच झोडपत होता. आपण लेखक नाहीच, स्वतःलाही फसवतोय आणि लोकांनाही, असं त्याने नोंदवून ठेवलं. पुढच्या वर्षी ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ प्रसिद्ध झाली. 1940 मध्ये तिला पुलित्झर मिळालं, 1962 मध्ये लेखकाला नोबेल.

ही धास्ती थोरामोठ्यांपुरती नाही. 1978 मध्ये अटलांटातल्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांच्या अनुभवांवर निबंध लिहिला. त्यांत पीएच.डी. झालेल्या होत्या, आपल्या व्यवसायात नाव कमावलेल्या होत्या, अभ्यासात चमकलेल्या विद्यार्थिनीही होत्या. तरी त्यांतल्या काही विद्यार्थिनींची खात्री होती, की आपल्याला प्रवेश मिळाला तो निवड समितीच्या चुकीमुळे! पुढे पुरुषांतही हेच आढळलं. हा आजार नव्हे, आजारांच्या अधिकृत यादीत त्याला जागा नाही.

मग यश मिळूनही शंका का मिटत नाही? कारण ती यशावरच पोसते. नवं काम आलं की पोटात गोळा येतो, माणूस गरजेच्या दुप्पट तयारी करतो, काम फत्ते होतं. पण श्रेय जातं रात्रीच्या जागरणाला किंवा नशिबाला. पुढचं काम आलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

1999 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रुगर यांच्या प्रयोगांतून याच्याशी जुळणारी एक गोष्ट पुढे आली. तळाच्या गटातले विद्यार्थी स्वतःला सरासरीच्या वर समजत होते, हे सर्वांच्या लक्षात राहिलं. खरी गंमत वरच्या गटाची आहे. या हुशार मंडळींनी स्वतःचा क्रमांक खाली लावला होता. मला जमलं म्हणजे सगळ्यांनाच जमलं असणार, असा त्यांचा हिशेब. मग व्याकरणाच्या चाचणीनंतर त्यांना इतरांच्या पाच उत्तरपत्रिका तपासायला दिल्या. त्या पाहिल्यावर त्यांचा स्वतःबद्दलचा अंदाज वर सरकला. ना कौतुक, ना समुपदेशन, नुसत्या पाच उत्तरपत्रिका!

क्लान्स आणि आइम्स यांनीही गटात बसून बोलण्यावर भर दिला होता. समोरची बाई उघडउघड हुशार, आणि तीच स्वतःला तोतया म्हणतेय, हे ऐकलं की आपल्या शंकेचाही पोकळपणा दिसतो.

शंका सगळीच वाईट असंही नाही. 2022 मध्ये एमआयटीच्या बसीमा ट्युफिक यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अशा शंकांनी घेरलेले शिकाऊ डॉक्टर रुग्णांशी वागण्या-बोलण्यात उजवे ठरले, आणि निदानातही मागे पडले नाहीत. मात्र कचेरीच कुणाला सतत परकं वागवत असेल, तर त्या माणसाला आत्मविश्वासाचे धडे देऊन भागणार नाही. तिथे कचेरीनेच सुधारायला हवं.

आपल्याला स्वतःचे खर्डे दिसतात आणि इतरांच्या फक्त स्वच्छ प्रती. तेव्हा तुम्ही अनुभवी असाल, तर नव्या सहकाऱ्याला तुमच्या तयार अहवालाबरोबर त्या अहवालाचा खाडाखोडीने भरलेला पहिला खर्डाही दाखवा. आणि नवे असाल, तर तो मागून घ्या.