सरकारी चाकरी आणि गोळीचा हुकूम : चिरनेर, १९३०

चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात सरकारपक्षाचाच एक माणूस पोलिसांच्या गोळीने पडला. तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातील या गावाजवळ अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० रोजी शेतकरी, कोळी, कातकरी कोयते घेऊन राखीव जंगलात शिरले. फांदी तोडणे हाच कायदेभंग होता. त्यांना रोखण्यासाठी पोलिसांसह मामलेदार केशव महादेव जोशी हजर होते. मामलेदार हा दंडाधिकारीही असे, त्यामुळे जमावावर गोळी चालवायची की नाही, हा प्रश्न त्याच्यापाशी येई. जोशींनी गोळीबाराला संमती दिली नाही, असे परिसरात आजही सांगितले जाते. गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी, धाकू गवत्या फोफेरकर यांच्यासह आठ सत्याग्रही हुतात्मा झाले आणि जोशीही मारले गेले.

त्याच वर्षी २३ एप्रिलला पेशावरमध्ये चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या गढवाली शिपायांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला उघड नकार दिला होता. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली. शिपायाचा नकार लष्करी न्यायालयाच्या कागदांत नोंदला गेला. जोशींचा नकार मात्र मुख्यतः लोकांच्या आठवणीने जपला आहे, आणि म्हणूनच तो पुन्हा पुन्हा सांगितला जाणे मोलाचे आहे.

चिरनेरला दरवर्षी २५ सप्टेंबरला हुतात्मा स्मृतिदिन पाळतात. त्या दिवशी पोलीस हवेत बंदुकीच्या फैरी झाडून हुतात्म्यांना मानवंदना देतात.