भाड्याचे घर, गळके छत

वऱ्हाडात पाण्याची टंचाई, पण घरात गळती! अकोल्याला पाणी येते महानच्या काटेपूर्णा धरणातून, अमरावतीला मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. इतक्या लांबून आणलेले पाणी भिंतीत मुरावे, हे काही बरे नव्हे.

दोन्ही शहरांत मी भाड्याने राहिलो आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. स्लॅब दिवसा प्रसरण पावतो, रात्री आकसतो आणि त्याला चिरा पडतात. खालची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. नुसता रंग मारून ओल थांबत नाही, ती याचमुळे.

आधी गळतीची वेळ पाहा. सतत ओल असेल, तर टाकीची पाइपलाइन. वरच्या घरातील आंघोळीनंतर असेल, तर न्हाणीचा निचरा. पावसातच असेल, तर गच्ची. तारखा वहीत लिहून ठेवा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ सांगते : करारात वेगळे ठरले नसेल, तर दुरुस्ती मालकाची. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही ती झाली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार असेल, तर सहीआधी अटी नीट वाचा.

आडनाव ऐकून मिटलेली दारे मी पाहिली आहेत. तक्रार करताना भाडेकरूची जीभ का अडखळते, हे मला कळते. पण गप्प बसल्याने ओल वाळत नाही. ती मालकांच्याच स्लॅबमधले लोखंड खाते. हे त्यांना नम्रपणे सांगा, पण लेखी सांगा.