पडद्यावरची शिवण

कॅथरिन हेपबर्न दोर ओढतेय. दोराच्या दुसऱ्या टोकाला सर्कशीतून सुटलेला बिबट्या, चारही पाय रोवून, अंग मागे टाकून. बाईंना वाटतंय की हा आपला पाळलेला ‘बेबी’च, तो हटून बसलाय म्हणून त्या त्याला दटावत पोलीस चौकीत आणतात. ‘ब्रिंगिंग अप बेबी’मधल्या या प्रसंगाला अजूनही हशा मिळतो. पण दोर ओढणारी बाई आणि दोराला बांधलेलं जनावर कॅमेऱ्यासमोर एकत्र आलीच नव्हती.

1938चा हा चित्रपट आरकेओ स्टुडिओचा. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, कथा हॅगर वाइल्डची, पटकथेत तिच्या जोडीला डडली निकोल्स. चष्मेवाला, गोंधळलेला प्राणिशास्त्रज्ञ कॅरी ग्रँट. डायनोसॉरच्या सांगाड्यातलं शेवटचं हाड कुत्रा पळवतो आणि त्याच्या लग्नाचा, नोकरीचा, अब्रूचा बोजवारा उडतो. हेपबर्नला विनोदी भूमिकेची सवय नव्हती. सुरुवातीला ती हसवायचा फारच प्रयत्न करायची. मग हॉक्सने जुना विनोदी नट वॉल्टर कॅटलेट याला तिची शिकवणी घ्यायला सांगितलं. गंभीर चेहऱ्याने वेडेपणा कसा करायचा हे त्याने दाखवलं, आणि तिच्याच आग्रहावरून तो चित्रपटात पोलीसही झाला.

बिबट्याचं नाव निसा. ती मादी होती आणि पाळीव बेबी व सर्कशीतला खुनशी बिबट्या ही दोन्ही कामं तिचीच. सांभाळणारी ओल्गा सेलेस्ट चाबूक घेऊन चौकटीबाहेर उभी असे. ग्रँट जनावराच्या वाऱ्याला उभा राहत नसे. हेपबर्न मात्र बुटांच्या तळव्यांना राळ लावून, भरपूर अत्तर शिंपडून बिनधास्त जवळ जायची. एकदा तिने गर्रकन गिरकी घेतली. घेराच्या कडेला वजनं शिवलेली होती, झगा झोकात फिरला, आणि निसाने तिच्या पाठीवर झेप घेतली. ओल्गाचा चाबूक वेळेवर पडला. त्यानंतर बाईंचं मोकळं हिंडणं संपलं.

इथून पुढे भार आला स्टुडिओचा ट्रिक दृश्यांचा जाणकार लिनवुड डन याच्यावर. त्याचं हत्यार ऑप्टिकल प्रिंटर: एकीकडे प्रोजेक्टर, समोर तोंड करून कॅमेरा. तयार फिल्म एकेक चौकट पुढे सरकवत पुन्हा चित्रित करायची. अर्धी चौकट झाकून आधी बिबट्या उतरवायचा. फिल्म मागे फिरवून, झाकलेली बाजू उघडी ठेवून, मग माणसं. पडद्यावरच्या एका सेकंदाला अशा चोवीस चौकटी. जोड कुठे दिसू द्यायचा नाही, एवढंच पथ्य. माणसं जागच्या जागी असतील तर दाराच्या चौकटीसारख्या उभ्या रेषेत शिवण लपते. पण दोराच्या प्रसंगात बाई चालतेय, त्यामुळे शिवणही तिच्याबरोबर सरकायला हवी, आणि शिवणीवरून आडवा जाणारा दोर तुटलेला वाटता कामा नये. कॅरी ग्रँटच्या देखणेपणापेक्षा या दोरावरच जीव जडावा, असं हे काम आहे.

स्टुडिओच्या हिशेबनिसाला यातलं काही भावलं नसावं. चित्रीकरण सप्टेंबर 1937ला सुरू झालं ते जानेवारी उजाडेपर्यंत रखडलं. हॉक्सला घाई नव्हती, आणि ग्रँट-हेपबर्नला हसू आवरेना म्हणून दृश्यं पुन्हा पुन्हा घ्यावी लागत. साडेसात लाख डॉलरांच्या आसपासचा अंदाज दहा लाखांच्या वर गेला. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलने चित्रपट आठवड्यात उतरवला. सुमारे साडेतीन लाखांचा खड्डा पडला. आरकेओने ‘गंगा दिन’ हॉक्सच्या हातून काढून जॉर्ज स्टीव्हन्सला दिला. 1938च्याच मे महिन्यात चित्रपटगृहांच्या मालकांनी गल्ल्याला विष ठरलेल्या ताऱ्यांची यादी छापली. तीत गार्बो, डीट्रिख, क्रॉफर्ड यांच्या पंगतीला हेपबर्नही होती. पुढचा दुय्यम दर्जाचा चित्रपट हाती आल्यावर तिने स्वतःचे पैसे मोजून करार मोडून घेतला.

डन मात्र आरकेओतच राहिला. 1941 साली ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’मधली कित्येक दृश्यं त्याच्याच प्रिंटरमधून गेली.